किल्ला कोणाचा?

मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट आहे. म्हणजे सोमवारी पहाटे नेवार्क विमानतळ, गुरुवारी रात्री घरी, आणि मधल्या चार दिवसांचा हिशेब पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत टाइमशीटवर. २००३ साली एम.एस. करायला इथे आलो, नोकरीला लागलो आणि तेव्हापासून हेच चालू आहे. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाला एक खोड लागते. मोकळा वेळ दिसला की तो कोणाच्या तरी नावावर 'बिल' करावासा वाटतो. आमच्या घरी शनिवार-रविवार अर्थातच मुलांच्या नावावर असतो.

ही गोष्ट सुरू झाली २०२४ साली. तेव्हा आमची थोरली आठ वर्षांची होती आणि धाकटा पाचचा. आठवड्यातले चार दिवस बाप घरी नसल्याची भरपाई वीकएंडला करायची, असा माझा निश्चय होता. त्यासाठी मी चक्क एक्सेल शीट केली होती. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी होम डेपोत मुलांची कार्यशाळा. नारिंगी एप्रन, छोटी हातोडी, लाकडाचे कापून ठेवलेले तुकडे आणि शेवटी एप्रनला लावायला एक पिन. सप्टेंबर-ऑक्टोबरात सफरचंदं तोडायला शेतावर, उन्हाळ्यात सँडी हूकचा समुद्र, पाऊस असेल तर जर्सी सिटीचं लिबर्टी सायन्स सेंटर. बायको त्या शीटला 'स्टेटमेंट ऑफ वर्क' म्हणायची. मी हसायचो, पण रकाने भरायचं थांबवलं नाही.

त्यातली एक सहल सांगतो. एका रविवारी आम्ही ग्रिग्सटाउनला डेलावेअर अँड रॅरिटन कालव्यावर गेलो. हा कालवा मला फार आवडतो. १८३० साली खणायला सुरुवात झाली आणि १८३४ साली तो खुला झाला. मुख्य कालवा ४४ मैलांचा. खणणारे बहुतेक आयर्लंडहून आलेले मजूर, हातात कुदळ-फावडी. १८३२ च्या कॉलऱ्यात त्यातले कित्येक तिथेच मेले. पुढे काठावरच्या वाटेने खेचरं चालायची आणि दोराने मालाच्या नावा ओढायची. १९३२ साली कालव्यावरची वाहतूक बंद झाली आणि १९७४ साली त्याचं स्टेट पार्क झालं. आपणही परदेशातून आलेलेच कामगार, तेव्हा मुलांना हे सांगावं, म्हणून मी आदल्या रात्री सगळं वाचून गेलो होतो.

मुलांना दिसलं कासव. एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर ओळीने पाच कासवं ऊन खात बसली होती. आम्ही जवळ गेलो की एकेक पाण्यात 'डुबुक' करून पडायचं आणि थोडं मागे सरून गप्प बसलो की परत वर यायचं. तासभर पोरांनी दुसरं काही केलं नाही. मी तीन वेळा कालव्याचा इतिहास सुरू केला, तीन वेळा "बाबा, शूऽऽ" असं ऐकलं. पुढच्या लॉकपर्यंत चालत जायचं राहून गेलं. गाडीत बसताना मी जरा खट्टू होतो. सहल 'पूर्ण' झाली नव्हती ना! थोरली मात्र घरी पोचेपर्यंत कासवांबद्दल बोलत होती. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग दिवाळी आली. आपल्या मंडळाने मुलांसाठी किल्ल्यांची स्पर्धा ठेवली. घरी किल्ला करायचा आणि परीक्षक गाडीने फिरून बघणार. ही घोषणा वाचल्यावर माझं काय झालं असेल ते तुमच्यातल्या अनेकांना सांगायला नको. मिरजेत आमच्या वाड्यात दसरा झाला की दगड-विटा जमवायला सुरुवात व्हायची. गोणपाट चिखलात बुडवून डोंगरावर पांघरायचं, वर अळीव पेरायचे, कुंभाराकडून मावळे आणायचे आणि सिंहासनावर महाराज बसवायचे. हे सगळं न्यू जर्सीत माझी मुलं करणार! मी होम डेपोतून मातीच्या सहा पिशव्या आणल्या, बागकामाच्या विभागात गोणपाटही मिळालं, अळीव इंडियन ग्रोसरीतून. त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता, त्यामुळे ड्राइव्हवेच्या कडेला उघड्यावर काम करता आलं.

दोन वीकएंड मुलांनी किल्ला केला. थोरली मुख्य, धाकटा हमाल. आणि खरं सांगायचं तर तो किल्ला किल्ल्यासारखा दिसत नव्हता. तटबंदी एका बाजूला गुडघ्याएवढी तर दुसऱ्या बाजूला वीतभर. दरवाजा मागच्या बाजूला. वरून खाली एक घसरगुंडी. पायथ्याशी ॲल्युमिनियम फॉइलचं तळं, त्यात काड्यांचा ओंडका आणि ओंडक्यावर मातीची पाच कासवं. पहाऱ्याला मावळ्यांच्या जोडीने प्लास्टिकचा डायनासोर.

परीक्षक येणार त्याच्या आदल्या रात्री मुलं झोपल्यावर मी 'थोडं फिनिशिंग' करायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा दीड वाजला होता. बुरूज गोल झाले होते, तटबंदी सरळ झाली होती, रायगडासारखा दोन बुरुजांच्या आड लपलेला महादरवाजा समोर आला होता. घसरगुंडीच्या जागी पायऱ्या. तळं मी बुजवलं नाही, छोटं करून कोपऱ्यात सरकवलं. डायनासोर आणि कासवं एका झिपलॉकच्या पिशवीत घालून गॅरेजच्या फळीवर ठेवली.

सकाळी थोरलीने किल्ला पाहिला. बराच वेळ पाहिला. "छान झालाय, बाबा," म्हणाली आणि आत जाऊन टीव्ही लावला.

दहा वर्षांखालच्या गटात आमच्या किल्ल्याला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस देताना एका काकूंनी कौतुकाने विचारलं, "अगं, हा दरवाजा कसा गं केलास?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन गोमुखी रचनेबद्दल दोन वाक्यं बोललो. टाळ्या झाल्या. परत येताना गाडीत मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, ट्रॉफी तुझ्या ऑफिसमध्ये ठेव." मी म्हटलं, "का गं?" ती म्हणाली, "माझा होमवर्क दुसऱ्या कुणी केला तर टीचर त्याला चीटिंग म्हणते. आपण चीटिंग केलं का?" बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. मी म्हटलं, "नाही गं बाळा, बाबाने फक्त हेल्प केली." हे वाक्य बोलतानाच मला कळलं की त्या दिवसातलं खोटं नंबर दोन बोलून झालंय.

स्पर्धेतला खोटेपणा उघड आहे, त्यावर फार विचार करायला नको. दुसऱ्याच रविवारी मी आयोजकांना फोन करून सगळं सांगितलं आणि ट्रॉफी परत केली. ते हसले आणि म्हणाले, "अहो, सगळ्यांचेच बाप थोडंफार करतात." मला अडकवून ठेवलं ते वेगळ्या प्रश्नाने. समजा स्पर्धाच नसती, बक्षीस नसतं, परीक्षक नसते. मी रात्री उठून मुलीचा वाकडा किल्ला सरळ केला असता, तर त्यात काही चूक झाली असती का? नुकसान कुणाचंच नाही. किल्ला जास्त चांगला झाला. हेतू प्रेमाचा होता. मग मुलगी टीव्ही लावायला का गेली?

विमानात माझ्याकडे वेळ भरपूर असतो. कित्येक सोमवार-गुरुवार हा प्रश्न माझ्याबरोबर प्रवास करत होता.

पहिलं उत्तर मला सापडलं ते बरंचसं हिशेबी होतं. २०१२ साली तीन अमेरिकन संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः जोडलेल्या वस्तूला माणूस जास्त किंमत देतो, याला त्यांनी फर्निचरच्या प्रसिद्ध दुकानावरून 'आयकिया परिणाम' असं नाव दिलं. लोकांकडून त्यांनी कागदाचे बगळे आणि बेडूक करून घेतले. करणाऱ्यांना आपला चुरगळलेला बेडूक जवळजवळ तज्ज्ञाने केलेल्या बेडकाइतका मोलाचा वाटला. इतरांच्या लेखी तो कागदाचा बोळा होता. पण केलेली वस्तू मोडली, किंवा काम अपुरं राहिलं, की ही जास्तीची किंमत नाहीशी होत होती. म्हणजे त्या रात्री मी जे सरळ केलं, ते मुलीच्या दृष्टीने मोडलंच होतं. माझ्या डोळ्यांना ते दिसत नव्हतं, कारण आता तो 'मी केलेला' किल्ला होता आणि मलाच तो फार सुंदर वाटत होता!

दुसरं उत्तर जुनं आहे. अॅरिस्टॉटलचं म्हणणं असं की जी गोष्ट करायला शिकायची, ती करूनच शिकता येते, आणि चांगुलपणाचंही तसंच आहे. मी मुलीचं काम केलं तेव्हा तिचं शिकणंही मीच वापरून टाकलं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि १९५७ साली काम कोसबाडला नेलं. त्यांनी आणि अनुताई वाघांनी माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून दगड, बिया, शिंपले, पानं वापरली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हा त्यामागचा विचार. आणि मी? मूल कासवापाशी होतं आणि मी त्याला १८३४ सालात ओढत होतो.

तिसरं उत्तर मला सर्वांत बोचलं. इमॅन्युएल कांटने १७८५ साली नीतीचा एक नियम मांडला. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच एक साध्य आहे असं मानून वागावं. हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे गुलामांचे मालक येतात, जुलमी कारखानदार येतात. मुलांना ॲपल पिकिंगला नेणारा बाप येत नाही. पण त्या रात्री दीड वाजता मला हवा होता मिरजेचा वाडा. वीस-बावीस वर्षांपूर्वी जे सोडून आलो, ते वाया गेलेलं नाही, माझ्या मुलांच्या हातून ते पुन्हा उभं राहतंय, हे मला बघायचं होतं आणि चार लोकांना दाखवायचंही होतं. त्यासाठी मुलीचे हात वापरले. ते पुरेनात तेव्हा माझे लावले. नाव तिचं ठेवलं.

आता कुणी म्हणेल, काय हा अतिरेक! सगळं मुलांवर सोडलं तर इथे मराठी तरी राहील का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. आपण किल्ला पुढे केला नाही तर न्यू जर्सीतलं मूल आपणहून किल्ला करणार नाही. माती आणणं, गोष्ट सांगणं, 'हे आपल्याकडे असं करतात' म्हणणं, हे बापाचं काम आहेच. करवत तर मी पाच वर्षांच्या पोराच्या हातात देणार नाहीच. आणि मूल स्वतःहून "बाबा, हे जमत नाही, कर ना" म्हणालं तर अडून बसण्यात कसला मोठेपणा? म्हणजे मदत करणं चुकीचं नाही. मग रेषा कुठे?

मी माझ्या धंद्यातून विचार केला. चांगला कन्सल्टंट कोण? जो गेल्यावर क्लायंटची माणसं आपली सिस्टिम स्वतः चालवू शकतात तो. आणि ज्याच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही तो हुशार असेल, चांगला नाही. शिवाय एक साधी शिस्त आम्ही पाळतो. क्लायंटची एखादी गोष्ट विचित्र दिसली तर बदलण्याआधी विचारतो, "हे असं का केलंय?" बहुतेक वेळा कारण असतं. त्या रात्री मी हा एक प्रश्न विचारला नाही. दरवाजा मागे का? नंतर विचारलं तेव्हा कळलं, "पुढे शत्रू येतात ना, म्हणून." आता बोला! रायगडाचा दरवाजा बुरुजांआड लपवणाऱ्याने दुसरा काय विचार केला असेल?

हे सगळं मला समजलं होतं, असं मी समजत होतो. मग २०२५ च्या उन्हाळ्यात अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं. आता शहात्तर वर्षांचे आहेत आणि हात थोडा थरथरतो. त्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. यादीत पन्हाळा बघून अण्णा इतके खूश झाले की मुलांना रोज एक किल्ला सांगू लागले. एका शनिवारी धाकट्याच्या सायकलचं पेडल सैल झालं. अण्णा गॅरेजमध्ये पाना घेऊन बसले, दोन्ही नातवंडं दोन बाजूंना. चार वाजता एका वाढदिवसाला जायचं होतं. पावणेचार झाले तरी पेडल बसेना. आटा लागायचा आणि हात हलला की सुटायचा. मी कपडे करून आलो, म्हटलं, "द्या अण्णा, मी करतो, दोन मिनिटांचं काम आहे." त्यांच्या हातातून पाना घेतला. दोन मिनिटांत पेडल बसलं. अण्णांनी फडक्याला हात पुसले आणि काही न बोलता आत गेले.

थोरली माझ्याकडे बघत होती. "आजोबा करत होते ना?" एवढंच म्हणाली.

त्या वाढदिवसाला मी काय खाल्लं ते आठवत नाही. ज्या माणसाच्या हाताखाली मी पाना ओळखायला शिकलो, त्याच्याच हातातून तो पंधरा मिनिटांच्या हिशेबाने काढून घेतला. कांट, अॅरिस्टॉटल, ताराबाई सगळे विमानातच राहिले होते.

रात्री डेकवर बसलो होतो. मी अण्णांची माफी मागितली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही मला सायकल, मिक्सर, पंखा उघडताना शेजारी बसवायचात. तुम्हाला कधी घाई झाली नाही का?" ते म्हणाले, "अरे, मी कुठे शिकवत होतो तुला? बॅटरी धरायला तिसरा हात पाहिजे होता." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि रविवारी तुला घेऊन कुठे हिंडायला तरी कुठे गेलो मी? तू पोरांना किती फिरवतोस. ते बरं आहे."

मला ते दोन्ही पटलं. जुन्या काळाला उगाच सोन्याचा मुलामा द्यायला नको. माझा किल्ला बघायला अण्णा एकदाही अंगणात आले नव्हते आणि त्याचं मला तेव्हा वाईट वाटायचं. इथल्या आकडेवारीत असं दिसतं की १९६५ साली अमेरिकेतला बाप आठवड्याला सुमारे अडीच तास मुलांच्या देखभालीला द्यायचा आणि २०१६ साली तो आठ तासांच्या घरात आला. ही चांगलीच गोष्ट आहे. पण अण्णांच्या त्या 'तिसऱ्या हाता'त एक गोष्ट होती जी माझ्या एक्सेल शीटमध्ये नव्हती. मी हललो की उजेड हलायचा आणि अण्णा ओरडायचे. म्हणजे माझ्यावाचून काम अडत होतं. आमची मुलं वीकएंडला पाहुण्यांसारखी असतात. त्यांच्यासाठी सगळं आखलेलं, कापून ठेवलेलं, वर पिनही तयार. त्यांच्यावाचून काही अडत नाही.

तेव्हापासून घरात दोन बदल केले. शीट बंद केली असं म्हणणार नाही, पण रविवार रिकामा ठेवतो. आणि घरातलं जे खरंच मोडलंय ते मुलांना घेऊन दुरुस्त करतो. वेळ तिप्पट लागतो. गेल्या वर्षी डिशवॉशरचा फिल्टर साफ करायला एक अख्खी सकाळ गेली आणि धाकट्याने एक स्क्रू हरवला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायला शिकतोय. जमतंच असं नाही.

२०२५ च्या दिवाळीत मुलांनी पुन्हा किल्ला केला. अण्णा तोवर मिरजेला परतले होते, ते व्हिडिओ कॉलवर विचारायचे, "पाण्याची सोय कुठे केलीय?" कारण पाणी नाही तो किल्ला कसला! ऑक्टोबरच्या मध्याला किनाऱ्याकडून वादळ आलं आणि पावसात एक बुरूज बसला. मी खिडकीतून बघत होतो. बाहेर जायला पाय शिवशिवत होते. थोरलीने दुसऱ्या दिवशी तो स्वतः उभा केला, आधीच्यापेक्षा वाकडा. दरवाजा मागेच आहे. तळं मात्र आता किल्ल्याच्या वर आहे, अण्णांच्या सांगण्यावरून, आणि कासवं सात झाली आहेत.

स्पर्धेत नाव द्यायचं का विचारलं, तर "नको" म्हणाली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजारची गोरी आजी कुत्र्याला फिरवत चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, हे काय आहे? मी तोंड उघडणार होतो. बायकोने माझ्या हातात पणत्यांचं ताट दिलं आणि म्हणाली, "तू या लाव." थोरलीने त्या आजीला दहा मिनिटं किल्ला समजावून सांगितला. शत्रू कुठून येतात, पाणी कुठे साठतं, कासवं का आहेत. इंग्रजीत सांगत होती, पण बुरुजाला 'बुरूज'च म्हणत होती.

मी पणत्या लावत होतो. सगळं नीट ऐकू आलं नाही.